चौघांचं वंगण

सोमवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सासरे म्हणाले, "रविवारी तळ्यावर जाईन म्हणतो."

बायकोच्या हातातली किटली वरच्या वर थांबली. मी वर्तमानपत्र खाली केलं. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, म्हणून सांगतो. सासूबाई गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून सासरे आमच्याकडे मागच्या खोलीत राहतात, आणि या दीड वर्षात ते जे काही बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. त्यातही निम्म्याहून जास्त वेळा "चालेल" हाच शब्द. पंखा लावू का? चालेल. बंद करू का? चालेल. पूर्वी हाच माणूस माझ्या छत्री वाळत घालण्याच्या पद्धतीवर पाऊण तास बोलत असे, आणि तेसुद्धा उभ्याने. ते गप्प झाले तेव्हा जावई म्हणून मला पहिले पंधरा दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पुढे पुढे त्या शांततेची भीतीच वाटायला लागली.

तर असे हे सासरे आपणहून म्हणाले, तळ्यावर जाईन. तळं म्हणजे गावाबाहेरचं मोठं तळं, जिथे ते चाळीस वर्षं दर रविवारी गळ टाकून बसत आले होते. बायकोने लगेच माळ्यावरून काठी काढली आणि कापडात गुंडाळलेलं रीळ त्यांच्या हातात दिलं. ज्याच्यावर दोरी गुंडाळलेली असते आणि हँडल फिरवलं की दोरी मासा घेऊन परत येते, ते हे रीळ. सासऱ्यांनी हँडल धरलं. ते हललं नाही. जोर लावला, तरी नाही. दीड वर्षात आतलं वंगण वाळून त्याची खरवड झाली होती. सासऱ्यांनी रीळ टेबलावर ठेवलं, "राहू दे मग," म्हणाले आणि खोलीत गेले.

बायको माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता.

"अहो, हे रीळ रविवारपर्यंत फिरलं पाहिजे."

"आणि नाही फिरलं तर?"

"तर ते परत कधी जायचं नावच काढणार नाहीत. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं. पण मी वजनं-मापं खात्यात बावीस वर्षं कारकून आहे. माझा यंत्रांशी संबंध स्टेपलरपर्यंतचा. तोही अडकला की मी शेजारच्याला देतो.

सरळ मार्ग म्हणून मी आधी सासऱ्यांनाच विचारलं, "बाबा, तुम्ही याला कुठलं तेल घालत होतात?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "घालत होतो आपलं... काहीतरी."

मी समजलो, की काही माणसांना आपल्या कलेतली मेख दुसऱ्याला सांगवत नाही. त्यात मी धाकटा जावई. मी पुढे विचारलं नाही, आणि इथून माझ्या हालांना सुरुवात झाली.

बायकोने त्याच दिवशी रीळ बनवणाऱ्या कंपनीचं खास ग्रीस मागवून टाकलं. ते पार्सलने गुरुवारी येणार होतं. इथे थांबलो असतो तर ही गोष्ट घडलीच नसती. पण संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि तो तिने नवऱ्याच्या हातात दिला. हे माझे साडू. त्यांना आमच्या घरात सगळे तज्ज्ञ म्हणतात. मी चिडवायला म्हणतो, बाकीचे मनापासून.

"कंपनीचं ग्रीस? अरे वेडा आहेस का?" तज्ज्ञ म्हणाले. "ते नुसतं दिसायला. मी सायकलीच्या चेनला जे कृत्रिम तेल वापरतो ना, ते पाठवतो. तेच घाल. बाबांच्या वस्तूला हात लावतोयस, जरा जपून हं."

सासऱ्यांच्या वस्तूला हात लावायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. फोन ठेवल्यावर मला जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

मंगळवारी वरच्या मजल्यावरचे निवृत्त फोरमन जिन्यात भेटले. मी चुकून रिळाचा विषय काढला. या माणसासमोर एखादी वस्तू फिरत नाही असं म्हणायचंच नसतं. ते तिथूनच परत वर गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण उघडलं तर आत काळपट, चिकट, गुळाच्या पाकासारखं काहीतरी.

"एकवीस वर्षं मोठ्या गिरणीची बेअरिंगं मी यावर चालवली," ते म्हणाले. "बोटभर घ्या. तुमच्यानंतर तुमची मुलंसुद्धा रीळ फिरवतील."

मी म्हणालो, आम्हाला फक्त रविवारपुरतं फिरवायचंय. ते दुखावले. मग मी घाईने बोटभर ऐवजी वाटीभर घेतलं.

बुधवारी समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर आपणहून आले. भिंती पातळ असल्याने त्यांना सगळं ऐकू जातं, आणि ते तसं लपवतही नाहीत. त्यांच्या हातात निमुळत्या नळीची एक लहानशी बाटली होती.

"ग्रीस अजिबात नको," ते म्हणाले. "माझं दात कोरायचं यंत्र मिनिटाला तीन लाख फेरे घेतं. ते या तेलावर. तुमचं रीळ किती फेरे घेतं?"

मला आकडा माहीत नव्हता. सध्या शून्य घेतं असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी बाटली माझ्या हातात कोंबली आणि जाता जाता माझ्या डाव्या दाढेकडे जरा संशयाने बघून घेतलं.

गुरुवारी कंपनीचं पार्सल आलं, पण घरी नाही. पार्सल कचेरीतून चिठ्ठी आली की पाकिटावर "वंगण" असं लिहिलेलं असल्याने ते अडवून ठेवलं आहे. मी अर्धी रजा टाकून गेलो. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात दोनच चौकटी होत्या, द्रव आणि घन.

"ग्रीस आहे," मी म्हणालो.

"ते कळलं. द्रव का घन?"

"मधलं."

"मधल्याची चौकट नाही." बाईंनी चष्मा काढला. "द्रव असेल तर परत पाठवावं लागेल. घन असेल तर सक्षम खात्याचा दाखला आणा."

"सक्षम खातं कुठलं?"

"वजनं-मापं."

मला हसू आलं. म्हटलं, चला, निदान एकदा तरी आपलं खातं आपल्या कामी आलं. तडक कचेरीत गेलो आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सगळी हकीकत सांगितली. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खात आलो आहोत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्ज आवक टेबलावर दे."

आवक टेबल माझंच आहे. मी माझ्या खुर्चीत बसून अर्ज लिहिला, उठून टेबलाच्या पलीकडे गेलो, तो ठेवला, परत खुर्चीत येऊन तो स्वीकारला, त्यावर शिक्का मारला आणि स्वतःला पोच दिली. सवयीने "सात दिवसांनी या" असंही म्हणणार होतो. मग तोच अर्ज सहकाऱ्याच्या ट्रेमध्ये टाकला. त्याने चहा संपवून त्यावर शेरा मारला: पदार्थ प्रत्यक्ष तपासणीसाठी सादर करावा.

"अरे, पदार्थ पार्सल कचेरीत अडकलाय. तो सोडवायलाच तर दाखला हवाय."

"मग आधी सोडवून आण," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर कसलाही राग नव्हता, तीच तर दुःखाची गोष्ट. हे वाक्य बोलताना मी स्वतः कसा दिसत असेन ते मला बावीस वर्षांनी बघायला मिळालं. फार चांगला दिसत नसणार.

शुक्रवारी पुन्हा पार्सल कचेरी. आता माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. मी बाईंना सरळ सांगितलं, "बाई, माझे सासरे दीड वर्षात पहिल्यांदा घराबाहेर पडायचं म्हणतायत. त्यांच्यासाठी आहे हो हे."

 बाईंनी पार्सल फोडलं, ट्यूबचं झाकण उघडलं आणि ती टेबलावर उलटी धरली. "चहा येईपर्यंत थेंब पडला नाही तर घन," त्या म्हणाल्या. आम्ही दोघं ट्यूबच्या तोंडाकडे बघत बसलो. मागे रांग लागली. रांगेतली माणसंही वाकून बघायला लागली. चहा आला. थेंब पडला नव्हता. बाईंनी फॉर्मवर लिहिलं, घन, आणि शेजारी कंसात, सध्या. या पृथ्वीवर सरकारी माणसात दया असते याचा माझ्याकडे हा एकमेव लेखी पुरावा आहे.

तज्ज्ञांचं तेलही त्याच दिवशी कुरियरने आलं. शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि रीळ उघडलं. उघडता उघडता एक स्प्रिंग उडाली आणि फ्रिजखाली गेली. ती काढायला मी पालथा पडलो असतानाच फोरमन आणि डॉक्टर एकदम दारात आले. माणसाची प्रतिष्ठा नेमकी अशा कोनातून बघितली जाते.

रॉकेलने मी सगळे भाग घासून पुसून काढले. इथवर काम झकास झालं होतं. दातेरी चाकं, बेअरिंगं आणि चकत्या, सगळं वर्तमानपत्रावर चकचकत होतं. चकत्यांबद्दल सांगायला हवं. मासा जोरात पळाला की दोरी तुटू नये म्हणून रीळ दोरी थोडी थोडी, रोखून रोखून सोडतं. ते रोखायचं काम या चकत्यांचं. एका परीने तो रिळाचा ब्रेकच.

आणि मग प्रश्न आला, घालायचं काय?

फोरमन खुर्ची ओढून बसले होते. डॉक्टर हाताची घडी घालून उभे होते. बायको कंपनीची ट्यूब घेऊन आली होती, जिच्यासाठी मी दोन अर्ध्या रजा घालवल्या होत्या. आणि टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकलेला, त्यातून तज्ज्ञ.

"माझं लावताय ना?" फोनमधून आवाज आला.

"त्याचं कशाला?" फोरमन म्हणाले.

"ग्रीस नको, मी सांगितलंय," डॉक्टर म्हणाले.

"मग मी मागवलेलं काय दाताला लावू?" बायको म्हणाली. डॉक्टर तिथेच असल्यामुळे ते वाक्य जरा जास्तच लागलं.

खरं सांगतो, मला रिळाची काळजी होतीच. पण त्या क्षणी त्याहून मोठी काळजी होती ती या माणसांची. फोरमनकडे आमच्या मजल्याच्या पाण्याच्या टाकीची किल्ली असते. डॉक्टरांकडे माझी दाढ जाणार आहे, आज ना उद्या. साडू म्हणजे साडू. आणि बायकोबद्दल काही बोलायची गरज नाही. यातल्या एकालाही नाही म्हणायची माझी छाती नव्हती. लग्नाकार्यातला आहेर परत करता येत नाही तसंच काहीसं ते होतं. मी स्वयंपाकघरातून एक बशी आणि चमचा आणला. फोरमनचं काळं ग्रीस घातलं, त्यात कंपनीचं निळं पिळलं, वरून तज्ज्ञांचं तेल सोडलं, डॉक्टरांच्या बाटलीतले दहा-बारा थेंब टाकले आणि घोटायला लागलो.

गंमत म्हणजे ते जमलं. सुरेख करड्या रंगाचं, लोण्यासारखं मऊ वंगण तयार झालं. प्रत्येकाने बशीत वाकून आपापलं ओळखलं. फोरमन म्हणाले, अंग माझ्या ग्रीसचं आहे. डॉक्टर म्हणाले, सुळसुळीतपणा माझा. फोनमधून तज्ज्ञ म्हणाले, मी सांगितलं नव्हतं? मी चाकांना लावलं, बेअरिंगना लावलं आणि उरलं ते वाया का घालवायचं म्हणून चकत्यांनाही लावलं. हँडल फिरवलं. ते इतकं अलगद फिरलं, की बायकोने टाळी वाजवली. सासरे दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी एकदा हँडल फिरवून बघितलं.

"चालेल," ते म्हणाले. पण जरा वेगळ्या सुरात.

एकमेकांशी पटत नसताना एकत्र कोंडलेल्या माणसांचं जे होतं ते रात्रभरात रिळाच्या पोटात झालं. वेगवेगळ्या जातीची वंगणं एकत्र केली की ती फुटतात, हे मला नंतर कळलं. माझ्या बशीत ती फक्त दुपारपुरती गोडीने राहिली होती. मग काडीमोड झाला. घट्ट भाग चाकांच्या दातांत जाऊन बसला आणि सगळं तेल ओघळून चकत्यांत उतरलं.

रविवारी सकाळी थंडी होती. तळ्याच्या काठावर सासऱ्यांची नेहमीची जागा रिकामी होती. दोघा-तिघा जुन्या गळकऱ्यांनी हात वर केले, यांनीही केला. टोपी घातलेले, काठी हातात घेतलेले सासरे मी दीड वर्षाने पाहत होतो. त्यांनी गळ टाकला. तो लांब गेला. आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसलो. मला वाटलं, झालं, निभावलं.

तासाभराने काठीचं टोक वाकलं.

सासरे उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की मीही उठलो. त्यांनी हँडल धरलं. हँडल हलेना. थंडीने आतलं वंगण आवळून मेणासारखं झालं होतं. ते जोर लावतात तोवर मासा पळाला आणि तेलात न्हालेल्या चकत्यांनी काहीच रोखलं नाही. दोरी सुटली ती सुटलीच. ब्रेकची कळ पिळली तरी थांबेना. दोरी संपली, तिच्या शेवटच्या गाठीने एकदा टक् केलं आणि तीही गेली. तळ्याच्या मधोमध पाणी एकदा हललं. चाळीस वर्षांच्या रिळावर एक फूटही दोरी उरली नव्हती. चाकामधून करडा थेंब सासऱ्यांच्या बुटावर पडला.

मी मान खाली घातली. आता ते म्हणतील, राहू दे, काठी गुंडाळतील, घरी येऊन मागच्या खोलीत जातील आणि पुन्हा बाहेर येणार नाहीत. बायकोला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. 

"जावईबापू," सासरे म्हणाले, "हे काय लावलंत?"

मी खरं ते सांगितलं. चौघांची नावं, बशी, चमचा, सगळं.

"चौघांचं?" त्यांचा आवाज चढला. "मिसळून? बशीत? अहो, तुम्ही माणूस आहात का पाणीपुरवठ्याचा नळ, जो येईल त्याने भांडं लावावं? ग्रीस म्हणजे काय कोशिंबीर वाटली तुम्हाला? आणि चकत्यांना? चकत्यांना तेल? गाडीच्या ब्रेकला तेल लावता का तुम्ही? लावत असाल, तुमचा काय भरवसा! छत्री धड वाळत घालता येत नाही आणि निघाले रीळ उघडायला!"

गळकरी आपापली काठी सोडून आमच्याकडे वळले. सासरे थांबेनात. काठावर बोलले, सामान भरताना बोलले, बसस्टॉपवर बोलले, बसमध्ये उभ्याने बोलले. कंडक्टरने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. सगळ्या बसला माझ्या चपला, माझी नोकरी आणि लग्नातल्या माझ्या सदऱ्याचं माप ठाऊक झालं. माझा एवढा पाणउतारा उभ्या जन्मात कुणी केला नव्हता. आणि मी तो खिडकीच्या दांड्याला धरून ऐकत होतो आणि मला मधूनच हसू येत होतं, ते दाबायला मी खोकत होतो.

आम्ही जिना चढत होतो तेव्हाच आवाज वर पोचला असणार. बायकोने दार उघडलं ती कणीक भिजवल्या हातांनीच. वडिलांचा आवाज ऐकून ती रडत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

"आणि त्या थोरल्याला पण लाव फोन!" सासरे घरात शिरत म्हणाले. "सायकलीचं तेल पाठवतो! अक्कल पाठवली असतीस तर बरं झालं असतं म्हणावं!"

"बाबा," बायकोने हळूच विचारलं, "पण यांनी विचारलं होतं ना तुम्हाला. तुम्ही काय लावत होतात ते सांगायचं मग."

सासरे थांबले. खुर्चीत बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का?" ते म्हणाले. "मी कधी काही लावलंच नाही. ती लावायची. शनिवारी दुपारी मी झोपलो की गुपचूप उघडून, साफ करून ठेवायची. मला वाटायचं, आपलं रीळ काय छान चालतं. चारचौघांत सांगायचो, वस्तू ठेवावी तर अशी. एकदा जागा होतो, तेव्हा बघितलं. तिला कळू दिलं नाही. तीस वर्षं कळू दिलं नाही. आभारसुद्धा मानले नाहीत मी तिचे."

 बायकोने आपले कणकेचे हात तसेच त्यांच्या खांद्यावर ठेवले.

थोड्या वेळाने ते उठून मागच्या खोलीत गेले. कॉटखाली सासूबाईंची एक पत्र्याची ट्रंक होती, आणल्यापासून कुणी उघडलेली नव्हती. त्यांनी ती ओढून काढली. लोकरीचे गुंडे आणि बटणांचा डबा यांच्याखाली एक चपटी काचेची बाटली निघाली. आत बोटभर पिवळसर तेल. बुचाला दोऱ्याने केसातला एक आकडा बांधलेला, त्याच्या टोकाने थेंब सोडायचा असणार. बाटलीवर चिठ्ठी नव्हती. काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुपारभर त्यांनी स्वतः रीळ उघडून धुतलं. मला फक्त चिंधी धरायला दिली, आणि तीही कशी धरायची ते दोनदा सांगितलं. मग आकड्याने थेंब थेंब तेल सोडलं. चकत्या कोरड्या ठेवल्या. रीळ फिरलं. फोरमन आणि डॉक्टर आलेच होते. दोघांनी बाटलीचा वास घेतला आणि दोघांना काही सांगता आलं नाही. सासऱ्यांनी बाटली काढून घेतली आणि बूच लावलं.

"नवीन दोरी आणा," ते मला म्हणाले. "आणि पुढच्या रविवारी पाचला तयार राहा. त्याच्या पुढच्यालाही. तुम्हाला एक एक गोष्ट शिकवायला हवी. वर्ष जाईल यात."

मी आठवडाभर रविवारची वाट बघतो ती नऊपर्यंत झोपायला. ती एकच चैन मला होती. रात्री मी बायकोला म्हणालो, "ऐकलंस? माझे सगळे रविवार गेले."

ती दिवा मालवत म्हणाली, "जाऊ देत."